उदासीचा गुणांक

मन जड होते, पाय उचलत नाही, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, घर खायला उठते. उदासीबद्दल बोलताना मराठी माणसाच्या तोंडी येणारे शब्द बहुतेक वजनाचे, दाबाचे आणि ओढीचे असतात. बोलण्यापुरते ते अलंकार आहेत आणि तेवढ्यावर काम भागते. पण हे शब्द कोणी अक्षरशः खरे धरले तर काय होईल? उदासी हे गुरुत्वाकर्षणासारखे एक बल आहे, ते वस्तूंवर कार्य करते, त्याला एकक आहे, त्याचे नियम सूत्रात मांडता येतात, असे समजून पुढचा सगळा डोलारा काटेकोर शास्त्रीय पद्धतीने उभा करायचा, अशी एक लेखनपरंपरा युरोपात सुमारे दोनशे वर्षे चालत आली आहे. तिला खेळकर छद्मविज्ञान म्हणता येईल. तिच्यात विनोद आहे, पण केवळ हसवणे हे तिचे काम नाही. माणसाच्या एका अतिशय अवघड अनुभवाला हात घालण्यासाठी तिने विज्ञानाची भाषा उसनी घेतली आहे.

हा अनुभव कोणता, ते आधी नक्की करायला हवे. जवळचे माणूस गेले, पीक बुडाले, नोकरी सुटली, तर होणाऱ्या दुःखाला कारण असते आणि त्या कारणाकडे बोट दाखवता येते. इथे विचार आहे तो कारण नसलेल्या उदासीचा. सगळे जागच्या जागी असते, जेवणखाण वेळेवर असते, आणि तरीही एखाद्या दुपारी हे सगळे कशासाठी चालले आहे, असा प्रश्न पडतो आणि हटत नाही. कीर्केगार्डने 1844 साली या अवस्थेला भयाहून वेगळे काढून तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विसाव्या शतकात सार्त्रने तिला मळमळीचे नाव दिले आणि काम्यूने तिच्यातून अर्थशून्यतेची कल्पना मांडली. कारणच सापडत नसल्यामुळे या उदासीचे वर्णन करणे कठीण जाते. वर्णन करता येत नाही तिथे माणूस मोजायला लागतो.

या लेखनप्रकाराची शिस्त सोपी आहे, पण कडक आहे. खोटे गृहीतक एकच घ्यायचे आणि ते उघडपणे घ्यायचे. त्यानंतरची निरीक्षणे, तुलना, नियंत्रित प्रयोग आणि निष्कर्ष या सगळ्यांत विज्ञानाचा प्रामाणिकपणा ठेवायचा. दुसरी लबाडी आत शिरली की खेळ बिघडतो.

या परंपरेचा मूळपुरुष म्हणून गुस्टाव्ह फेखनर (1801–1887) याचे नाव घ्यायला हवे. प्रायोगिक मानसशास्त्राच्या इतिहासात फेखनरचे नाव आदराने घेतात, पण त्याच्या दुसऱ्या बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही. लाइपझिगमध्ये शिकत असताना त्याने ‘डॉक्टर मिझेस’ हे टोपणनाव घेतले आणि 1821 मध्ये चंद्र आयोडीनचा बनला आहे, हे सिद्ध करणारी एक पुस्तिका छापली. त्या काळी वैद्य मंडळी उठसूट प्रत्येक रोगावर आयोडीन देत सुटली होती. पुस्तिकेचा रोख त्यांच्यावर होता. 1825 साली याच नावाने त्याने देवदूतांची तुलनात्मक शरीररचना लिहिली. गोल हा सर्वांत परिपूर्ण आकार, देवदूत हे सर्वांत परिपूर्ण जीव, म्हणून देवदूत गोल असले पाहिजेत, या एका पायरीवरून सुरू होऊन ती मांडणी पायरी पायरीने वर चढते. देवदूत प्रकाशाच्या आणि रंगांच्या भाषेत बोलतात, आणि शेवटी ते म्हणजे सजीव ग्रहच आहेत, इथपर्यंत वाचक कधी येऊन पोहोचतो ते त्याला कळतही नाही.

पुढे फेखनर लाइपझिगला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक झाला. डोळ्यांसमोर उरणाऱ्या रंगप्रतिमांचा अभ्यास करताना रंगीत काचांतून सूर्याकडे बघून बघून त्याची दृष्टी बिघडली. 1840 च्या सुमारास तो पुरता कोलमडला. उजेड सोसवेना, वाचन बंद पडले, अन्न जाईना, विचार ताब्यात राहीनात. जवळपास तीन वर्षे त्याने अंधार केलेल्या खोलीत काढली. 1843 च्या शरद ऋतूत एके दिवशी डोळ्यांवरची पट्टी काढून तो बागेत आला, तेव्हा फुले आतून उजळल्यासारखी दिसली आणि झाडांना आत्मा आहे, असे त्याला वाटले. 1848 मध्ये त्याने वनस्पतींच्या आत्मजीवनावर पुस्तक लिहिले, तेही डॉक्टर मिझेस हे नाव बाजूला ठेवून, स्वतःच्या नावाने आणि पूर्ण गांभीर्याने. उत्तरायुष्यात त्याने जगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी सांगितल्या. एकीला तो रात्रीची दृष्टी म्हणे. तिच्यात जग म्हणजे अंधारात फिरणारे निर्जीव कण. दुसरी दिवसाची, तिच्यात जग उजळलेले आणि सजीव. रात्रीची दृष्टी म्हणजे काय, हे त्याने त्या खोलीत भोगले होते.

22 ऑक्टोबर 1850 च्या सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या त्याला एक कल्पना सुचली. तिचा विस्तार होऊन 1860 साली त्याचा मनोभौतिकीवरचा ग्रंथ निघाला. अर्न्स्ट वेबरने आधीच दाखवले होते की हातातले वजन वाढल्याचे कळायला किती भर घालावी लागते, ते मुळात हातात किती वजन आहे यावर ठरते. मूठभर शेंगदाण्यांत दहा-वीस ग्रॅमची भर लगेच कळते, खांद्यावरच्या पोत्यात ती कळत नाही. फेखनरने त्यातून सूत्र काढले. बाहेरचे उद्दीपन गुणाकाराने वाढते तेव्हा आतली संवेदना बेरजेने वाढते. आतल्या जगाला बाहेरच्या मापाशी जोडणारे हे समीकरण. देवदूतांना गोल ठरवणारा आणि संवेदनेला लॉगॅरिदमची पट्टी लावणारा माणूस एकच होता, हा योगायोग मानणे चुकीचे ठरेल. दोन्हीकडे प्रश्न एकच होता: न दिसणाऱ्या गोष्टीला पट्टी लावली तर काय हाती येते?

फेखनरनंतरची पायरी आल्फ्रेद झारीची. 1873 साली फ्रान्समधल्या लावाल गावी जन्मलेला हा लेखक दारू, क्षयरोग आणि दारिद्र्य यांनी पोखरून 1907 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी गेला. त्याने ‘पॅटाफिजिक्स’ नावाचे शास्त्र काढले. तत्त्वमीमांसा भौतिकशास्त्राच्या पलीकडे जाते, पॅटाफिजिक्स तत्त्वमीमांसेच्याही पलीकडे. काल्पनिक उत्तरांचे शास्त्र, अशी झारीने त्याची व्याख्या केली. इतर शास्त्रे सर्वसामान्य नियम शोधतात, हे शास्त्र अपवादांचे नियम शोधते. झारी विचारतो, घड्याळाची तबकडी गोल आहे असे सगळे का म्हणतात? बाजूने पाहिले तर ती चपटी, अरुंद दिसते. ती गोल दिसते ती केवळ वेळ पाहण्याच्या क्षणी.

या शास्त्राचा आचार्य डॉक्टर फोस्ट्रोल. त्याच्यावरचे पुस्तक झारीने 1898 च्या सुमारास पुरे केले, पण ते छापले गेले 1911 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्यातली एक जागा प्रस्तुत विषयाच्या अगदी गाभ्याची आहे. फोस्ट्रोल मरतो आणि कुठेच नसलेल्या एका जागी जाऊन पोहोचतो. तिथून तो दूरसंवेदनेने पत्रे पाठवतो, आणि ती पाठवतो लॉर्ड केल्व्हिनला, म्हणजे मापनाला विज्ञानाचा प्राण मानणाऱ्या त्या काळच्या थोर भौतिकशास्त्रज्ञाला. पत्राचा विषय असतो मापपट्टी, घड्याळ आणि नादकाटा. लांबी, काळ आणि स्वर यांचा कुठलाच आधार उरला नसताना हा माणूस आपली मोजमापाची साधने सोडत नाही. उदासीतल्या माणसाचे इतके नेमके चित्र गंभीर तत्त्वज्ञानातही क्वचितच सापडते. पुस्तकाच्या शेवटी फोस्ट्रोल भूमितीच्या साहाय्याने ईश्वराचे क्षेत्रफळ काढतो.

यानंतर पॅरिसमधले चाळीसचे दशक. सार्त्रचा ‘अस्तित्व आणि शून्यता’ हा ग्रंथ 1943 मध्ये आला आणि 29 ऑक्टोबर 1945 च्या त्याच्या व्याख्यानाला पॅरिसमध्ये इतकी गर्दी लोटली की अस्तित्ववाद रातोरात घराघरांत पोहोचला. त्याच्या 1938 च्या कादंबरीतला नायक रोकाँतँ समुद्रकाठचा खडा हातात घेतो तेव्हा त्याला पहिल्यांदा मळमळते. पुढे बागेतल्या बाकाखाली शिरलेले चेस्टनटच्या झाडाचे मूळ पाहताना वस्तूंचे नुसते असणेच त्याच्या अंगावर येते. उदासी इथे मनातून नव्हे, वस्तूंकडून येते.

1943 च्या ग्रंथात सार्त्रने एक शब्दप्रयोग वापरला आहे, जो त्याने गास्तों बाशलारकडून घेतला: वस्तूंचा ‘प्रतिकूलतेचा गुणांक’. शब्द भौतिकशास्त्रातल्या घर्षणाच्या गुणांकासारखा वाटतो, पण सार्त्रच्या लेखी हा गुणांक वस्तूत साठवलेला नसतो. वाटेतला खडक हलवायचा असेल तर तो आडवा येतो. वर चढून भोवतालचा मुलूख पाहायचा असेल तर तोच खडक पायाखाली उपयोगी पडतो. खडक तोच, माणूस तोच, हेतू बदलला आणि गुणांक बदलला. म्हणजे प्रतिकूलता खडकात नाही आणि नुसती मनातही नाही. ती दोहोंच्या प्रमाणात आहे. हा मुद्दा पुढच्या सगळ्या विवेचनाचा खुंटा आहे.

खेळकर छद्मविज्ञानाने नेमका हाच शब्द उचलला आणि तो अक्षरशः घेतला. 23 एप्रिल 1948 रोजी लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात पॉल जेनिंग्ज या विनोदी लेखकाचा ‘रेझिस्टेन्शियलिझम’वरचा अहवाल छापून आला. शब्दात तीन धागे एकत्र विणले आहेत: वस्तू या अर्थाचा लॅटिन ‘रेस’, प्रतिकार आणि अस्तित्ववाद. मराठीत त्याला वस्तुवैरवाद म्हणता येईल. पिएर-मारी व्हाँत्र या कल्पित फ्रेंच तत्त्वज्ञाचे या पंथाचे सूत्र असे की वस्तू माणसाच्या विरोधात आहेत. व्हाँत्र या शब्दाचा फ्रेंचमध्ये अर्थ पोट. सार्त्रची मळमळ आणि हे आडनाव यांचा सांधा त्यामुळे आपोआप जुळतो.

लेखाचा कणा मात्र तत्त्वज्ञान नसून एक प्रयोग आहे. क्लार्क-ट्रिंबल हा कल्पित संशोधक गालिच्याचे 400 तुकडे दर्जाप्रमाणे क्रमाने मांडतो, एका टोकाला जाडेभरडे काथ्याचे पायपुसणे, दुसऱ्या टोकाला अनमोल चिनी रेशीम. मग वजन करून, मोजून, प्रतवारी लावून तयार केलेले मुरंबा लावलेले टोस्ट प्रत्येक तुकड्यावर टाकतो आणि मुरंब्याची बाजू किती वेळा खाली पडली याची नोंद ठेवतो. स्वस्त गालिच्यावर टोस्ट दर वेळी सुलटा पडतो, चिनी रेशमावर दर वेळी उलटा. मधल्या प्रतींवर उलटे पडण्याचे प्रमाण गालिच्याच्या दर्जाच्या अगदी बरोबरीने वाढत जाते. स्वस्त गालिचा पडदा लावून बाकीच्यांपासून वेगळा काढला तर मात्र तिथेही टोस्ट उलटा पडतो, कारण या घरात याहून चांगले गालिचे आहेत हे आता त्याला दिसत नसते. शेवटची तपासणी पाहण्यासारखी आहे. खऱ्या प्रयोगशाळेत गोंधळात टाकणारा घटक असाच वेगळा काढतात. जेनिंग्जने शिस्त पाळली: खोटे एकच, टोस्टला गालिचा कळतो. बाकी सगळे सांख्यिकीच्या नियमाला धरून.

प्रयोग कोणत्या काळात लिहिला गेला हे ध्यानात ठेवले तर त्याची धार वाढते. महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती, तरी ब्रिटनमध्ये पाव रेशनवर होता. युद्धकाळातही पावावर रेशन नव्हते, ते लागले जुलै 1946 मध्ये आणि उठले जुलै 1948 मध्ये. मुरंबाही मोजूनमापून मिळत होता. शेकडो टोस्ट जमिनीवर टाकण्याची कल्पना वाचताना त्या वाचकाच्या पोटात कालवल्याखेरीज राहिले नसेल. पाव मोजून खाणाऱ्या माणसांना पॅरिसहून आलेले शून्यतेचे तत्त्वज्ञान ऐकू येत होते. जेनिंग्जने त्या दोघांना एका टेबलाशी बसवले. आपल्याच घरातली बारीकसारीक वस्तू आपल्यावर उलटते, ही भावना त्या काळात खरीच होती, आणि तिला या लेखाने आलेख दिला. या परंपरेतला सर्वांत नेटका मजकूर कोणता, असे विचारले तर उत्तर हाच लेख.

त्याच 1948 साली, 11 मे रोजी, पॅरिसमध्ये ‘पॅटाफिजिक्सचे विद्यापीठ’ स्थापन झाले. रेमों केनो, आयनेस्को, मार्सेल द्यूशाँ, बोरिस व्हियाँ अशी माणसे पुढे त्याचे सभासद झाली. यातला व्हियाँ (1920–1959) इथे विशेष महत्त्वाचा. तो पेशाने अभियंता, आणि 1942 ते 1946 या काळात फ्रान्सच्या मानकीकरण संस्थेत नोकरीला होता. काचेच्या बाटल्यांची मापे ठरवणे हे तिथले काम. मापाचा हा संस्कार त्याच्या 1947 च्या ‘दिवसांचा फेस’ या कादंबरीत उतरला. क्लोए नावाच्या नवविवाहितेच्या फुप्फुसात कमळ उगवते. तिची प्रकृती ढासळते तसतसे घर बदलू लागते. आधी खिडकीतून येणारा सूर्यप्रकाश मंदावतो, फरशीची चकाकी जाते. घरातला उंदीर ती घासून घासून पुन्हा लख्ख करायला बघतो आणि त्याचे पंजे रक्ताळतात. मग भिंती आत सरकतात, छत खाली येते, आणि शेवटी छत आणि जमीन यांच्यामध्ये उंदरालाही जागा उरत नाही. इथे उदासी मीटरमध्ये मोजता येते, खोलीची उंची किती उरली एवढेच पाहायचे. मराठीत घर खायला उठते म्हणतात, व्हियाँने ते घर खरोखर मिटवून दाखवले. याच कादंबरीत ज्याँ-सोल पार्त्र नावाचा तत्त्वज्ञही आहे. अक्षरांची अदलाबदल केली की त्याची ओळख पटते.

या सगळ्या लेखकांनी खोटे गृहीतक उघड ठेवले होते. तेच गृहीतक गंभीरपणे घेतले की काय होते, याचे उदाहरण विल्हेल्म राइख. फ्रॉइडच्या वर्तुळातला हा मनोविश्लेषक विश्वभर पसरलेल्या ‘ऑर्गोन’ नावाच्या जीवनऊर्जेवर विश्वास ठेवू लागला. लाकूड आणि धातू यांचे थर लावलेल्या पेटीत ती साठते, असे तो म्हणे. पेटीतल्या तापमानाचा किंचित फरक हा तिचा पुरावा, हे पटवण्यासाठी जानेवारी 1941 मध्ये तो प्रिन्स्टनला आइन्स्टाइनला भेटला. आइन्स्टाइनने पेटी ठेवून घेऊन तपासली आणि फरकाचे कारण खोलीतल्या हवेच्या अभिसरणात सापडले. 1951 नंतर राइखने ‘मृत ऑर्गोन’ शोधल्याचे जाहीर केले. मरगळ, जडपणा, निराशा आणि आकाशातले काळे ढग हे सगळे त्याच्यामुळे, असा त्याचा दावा. अमेरिकन सरकारने 1954 मध्ये त्याच्या पेट्यांवर न्यायालयाकडून बंदी आणली, पुस्तके जाळली, आणि 1957 च्या नोव्हेंबरमध्ये राइख तुरुंगात मरण पावला. पुस्तके जाळणे निषेधार्हच होते. पण आजारी माणसांना पेटीत बसवणेही निरुपद्रवी नव्हते.

मराठी वाचकाला याची घरची ओळख आहे. शनीला राशिचक्राची फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. म्हणजे एका राशीला अडीच आणि तीन राशींना साडेसात. आकाशातला काळ इथे खरा आणि मोजलेला आहे. त्याला माणसाच्या हालअपेष्टा बांधल्या की साडेसाती तयार होते, आणि तिच्याबरोबर ती उतरवण्याचा खर्चही. ‘दुष्काळात तेरावा महिना’ किंवा ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने’ या म्हणींतही आकडे आहेत, पण सतराशे कोणी मोजायला बसत नाही. त्या म्हणी क्लार्क-ट्रिंबलच्या बाजूच्या आहेत, साडेसाती राइखच्या.

दोन्ही बाजूंच्या मधल्या अरुंद पट्टीवर वोल्फगांग पाउली उभा दिसतो. नोबेल मिळवलेला हा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ प्रयोगशाळेजवळ आला की उपकरणे मोडतात, असा विनोद त्याच्या सहकाऱ्यांत रूढ होता. त्याला ‘पाउली परिणाम’ असे नावच पडले होते. हॅम्बुर्गला ऑटो स्टर्नने त्याला आपल्या प्रयोगशाळेत यायला मनाई केली होती. ग्यॉटिंगेनमध्ये एकदा एक महागडे उपकरण निकामी झाले, तेव्हा पाउली तिथे नव्हता. नंतर समजले की त्याच वेळी त्याची आगगाडी ग्यॉटिंगेनच्या स्थानकात थांबली होती, असा किस्सा सांगतात. पाउलीच्या आईने 1927 मध्ये आत्महत्या केली होती, 1930 मध्ये त्याचा घटस्फोट झाला, आणि त्यानंतरच्या काळात तो युंगकडे उपचारांसाठी गेला. सहकारी ज्याला गंमत म्हणत, त्यात काही तथ्य आहे असे पाउलीला स्वतःला वाटत असे. मोडणारी यंत्रे आणि मोडत चाललेला माणूस यांच्यात प्रमाण शोधण्याची ओढ किती खोल असते, हे या एका माणसाकडे पाहून कळते.

जेनिंग्जच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळायला 47 वर्षे लागली. इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठाशी संबंधित भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1995 मध्ये ‘युरोपियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये टोस्टच्या कोलांटीवर शोधनिबंध लिहिला, आणि 1996 मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल पारितोषिक मिळाले. टेबलाच्या कडेवरून घसरताना टोस्टला जी गिरकी मिळते ती मंद असते. जमीन येईपर्यंत त्याची साधारण अर्धीच फेरी होते, म्हणून वरची बाजू खाली जाते. लोण्याच्या किंवा मुरंब्याच्या वजनाचा त्यात फारसा हात नसतो. 2001 साली ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांनी केलेल्या प्रयोगांत टोस्ट 9,821 वेळा पाडला गेला आणि 6,101 वेळा, म्हणजे 62 टक्के वेळा, लोण्याची बाजू खाली पडली.

मॅथ्यूज इथे थांबले नाहीत. टेबल एवढ्याच उंचीचे का, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. टेबल माणसाच्या उंचीप्रमाणे असते. आणि माणसाची उंची ठरते ती दोन पायांवर चालणारा प्राणी तोल जाऊन पडला तर कवटी फुटू नये या मर्यादेने. ती मर्यादा हाडांतल्या रासायनिक बंधांच्या ताकदीवर आणि गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असते, आणि ते दोन्ही शेवटी निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांवर. त्यांच्या गणिताने माणसाची उंची सुमारे तीन मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. टोस्टने पूर्ण फेरी घेऊन सुलटे पडावे यासाठी टेबलच जवळजवळ तीन मीटर उंच लागेल, आणि त्या टेबलाशी बसून न्याहारी करणारा माणूस पहिल्यांदा ठेच लागून पडताच मरेल.